हार्दिक असता तर? संशोधनात ‘जर-तर’चं काय करायचं

१९ नोव्हेंबर २०२३ चा रविवार. दिवाळीला गावी म्हणून आले होते ती मी अजून किल्लारीतच होते, कारण भूकंपाच्या मुलाखती उरल्या होत्या. त्या दिवशी मात्र कुणीच मुलाखत देणार नव्हतं. आमच्या पुढच्या खोलीत शेजारपाजारची धरून पंधरा-वीस माणसं टीव्हीसमोर बसली होती. ऑस्ट्रेलियाने अहमदाबादेत विश्वचषक जिंकला, टीव्ही बंद झाला, आणि काका म्हणाले, “हार्दिक असता तर ही वेळच आली नसती बघा.”

कुणी विरोध केला नाही. आठवीतल्या एका पोराने तेवढं मला विचारलं, “ताई, खरंच जिंकलो असतो का?” मी इतिहासात पीएचडी करते हे त्याला माहीत आहे, आणि इतिहासवाल्यांना असल्या प्रश्नांची उत्तरं येतात असा त्याचा समज आहे. मी “झोपा आता” म्हणून वेळ मारून नेली. पण प्रश्न काही डोक्यातून गेला नाही. एक तर माझ्या प्रबंधाचं तिसरं प्रकरण याच जागी अडकलं होतं. आणि ‘इतिहासात जर-तरला अर्थ नसतो’ हे वाक्य आपण सगळ्यांनी एम.ए.ला ऐकलेलं असतं, परीक्षेत लिहिलेलंही असतं. मला आता ते अर्धवट वाटतं. का ते सांगते, आणि त्यासाठी काकांचंच वाक्य घेते.

आधी घडलं काय ते पाहू. १९ ऑक्टोबरला पुण्याजवळच्या गहुंजेच्या मैदानावर बांगलादेशाविरुद्ध सामना होता. हार्दिक पांड्या आपलं पहिलंच षटक टाकत होता. लिटन दासने समोर मारलेला चेंडू पायाने अडवायला गेला आणि त्याचा डावा घोटा दुखावला. तीन चेंडू झाले होते, उरलेले तीन विराट कोहलीने टाकले. तो सामना भारताने सात गडी राखून जिंकला, कोहलीने नाबाद १०३ केले, आणि घोट्याची बातमी त्या शतकाखाली दबली. ४ नोव्हेंबरला हार्दिक स्पर्धेबाहेर गेल्याचं जाहीर झालं. बरोबर एका महिन्याने, १९ नोव्हेंबरला, भारत अंतिम सामना सहा गडी राखून हरला. भारत २४०, ऑस्ट्रेलिया ४३ षटकांत ४ बाद २४१.

आता ‘हार्दिक असता तर’ या वाक्यात आपण डोक्यातल्या डोक्यात काय करतो? अंतिम सामन्याचा संघ जसाच्या तसा ठेवतो आणि त्यातल्या सूर्यकुमार यादवच्या जागी धडधाकट हार्दिक बसवतो. सगळी गडबड इथे आहे. कारण गहुंजेचा घोटा पुसायचा असेल तर त्या घोट्यामुळे पुढे जे जे झालं तेही पुसावं लागतं.

पहिल्या चार सामन्यांत मोहम्मद शमी संघात नव्हताच. चेन्नईला अश्विन खेळला, पुढच्या तिन्ही सामन्यांत आपला पालघरचा शार्दूल ठाकूर. संघाचा हिशोब असा होता की आठव्या क्रमांकापर्यंत बॅट चालली पाहिजे. हार्दिक जखमी झाला आणि तो हिशोब मोडला. एकाच माणसात फलंदाज आणि वेगवान गोलंदाज दोन्ही होते, त्याच्या जागी दोन माणसं आणावी लागली. २२ ऑक्टोबरला धरमशालाला न्यूझीलंडविरुद्ध हार्दिक आणि शार्दूल बाहेर, सूर्यकुमार आणि शमी आत. शमीने त्या दिवशी पाच बळी घेतले. मग लखनौला इंग्लंडचे चार. वानखेडेवर श्रीलंका ५५ धावांत आटोपली, त्यात त्याचे पाच. उपांत्य सामन्यात पुन्हा वानखेडेवर न्यूझीलंडचे ५७ धावांत सात. सात सामन्यांत २४ बळी, त्या स्पर्धेत सर्वांत जास्त.

म्हणजे काकांचा हार्दिक परत आणला की शमी पुन्हा बाकावर जाऊन बसतो. मग भारत दहाच्या दहा सामने जिंकून अहमदाबादला पोचतो का? उपांत्य सामन्यात न्यूझीलंडने ३२७ पर्यंत मजल मारली होती, डॅरिल मिचेल शतक काढून उभा होता. शमीविना तो सामना जिंकलाच असता असं मी तरी लिहून देणार नाही.

तुम्ही म्हणाल, दोघांनाही खेळवायचं की! हार्दिकही आणि शमीही. कागदावर तो संघ सुंदर दिसतो. पण तिथे पोचायला तुम्ही इतिहासात दोन बदल करताय. एक, घोटा शाबूत. दोन, संघ व्यवस्थापनाला घोटा शाबूत असतानाही शार्दूलला काढून शमीला घेण्याची बुद्धी झाली. चारही सामने जिंकत असताना, संघ हलवायचं काही कारण नसताना, ती का झाली असती? दुसऱ्या बदलासाठी पुरावा लागतो, आणि आपल्याकडचा पुरावा उलट बाजूचा आहे. संशोधनात हा घोटाळा फार होतो. आपण ‘एकच गोष्ट बदलली’ असं म्हणतो आणि खिशातून गुपचूप दुसरी काढतो.

हेच रॉबर्ट फोगेल या अमेरिकन आर्थिक इतिहासकाराने १९६४ च्या पुस्तकात आकडे मांडून केलं होतं. अमेरिकेत रेल्वे आलीच नसती तर? तोवर सगळे म्हणायचे, रेल्वे नसती तर अमेरिका घडलीच नसती. फोगेलने १८९० सालचा हिशोब मांडला, पण रेल्वे काढून तिथे नुसतं भगदाड ठेवलं नाही. रेल्वे नसती तर लोकांनी हातावर हात ठेवून बसून काढलं असतं का? त्यांनी आणखी कालवे खणले असते, रस्ते सुधारले असते. म्हणून त्याने नकाशावर न खणलेले कालवेही धरले. उत्तर असं आलं की रेल्वेमुळे झालेली बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या काही टक्क्यांइतकीच होती. त्याच्या आकड्यांवर पुढे खूप भांडणं झाली आणि ती व्हायलाच हवीत. पण रेल्वे काढली तर कालवे धरा, ही शिस्त टिकली. हार्दिक काढला की शमी येतो, हार्दिक ठेवला की शमी जातो. तोच हिशोब.

(फोगेलला नोबेल मिळालं १९९३ च्या ऑक्टोबरात, डग्लस नॉर्थबरोबर. त्या ऑक्टोबरात किल्लारीत लोक पत्र्याखाली राहत होते. हा निव्वळ योगायोग, पण मला ही तारीख विसरता येत नाही.)

बरं, काकांची बाजू मी अजून मांडलेलीच नाही. ती मांडायला हवी, कारण ती वाटते तितकी कच्ची नाही. फक्त ‘हार्दिक असता तर जिंकलो असतो’ एवढं मोघम सोडून, पराभव नेमका कुठे झाला आणि तिथे हार्दिकचं काय काम होतं, असं विचारायला हवं.

पराभवाच्या दोन जागा आहेत. पहिली, भारताची फलंदाजी. पहिल्या दहा षटकांत २ बाद ८० होत्या. रोहित ३१ चेंडूंत ४७ करून गेला, मागे पळत हेडने त्याचा झेल घेतला, तो झेल कुणी विसरलेलं नाही. त्यानंतरच्या चाळीस षटकांत चौकार किती? चार. के. एल. राहुलने १०७ चेंडू खेळून ६६ केल्या, त्यात एकच चौकार. आमच्या खोलीत तेव्हा राहुलला काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. पण तो असा का खेळला? कारण मागे जडेजा, सूर्या आणि त्यानंतर थेट गोलंदाज. एक विकेट गेली तर शेपूट उघडं. हार्दिक संघात असता तर खेळपट्टीवर उभ्या माणसाला थोडा जुगार परवडला असता. हा युक्तिवाद मला पटतो, कारण यात हार्दिकने अमुक धावा काढल्या असत्या असं गृहीत धरावं लागत नाही. त्याच्या नुसत्या असण्याने दुसऱ्याचं वागणं बदललं असतं, एवढंच म्हणायचं. धावा गृहीत धरायला आधारही नाही. घोटा दुखावण्याआधीच्या चार सामन्यांत त्याला फलंदाजी एकदाच मिळाली, नाबाद ११. उलट सूर्यकुमारकडून सात सामन्यांत १०६ धावाच झाल्या हेही खरं.

दुसरी जागा गोलंदाजी. ऑस्ट्रेलिया ३ बाद ४७ होती. तिथून हेड आणि लाबुशेनने १९२ धावांची भागी केली. भारताकडे गोलंदाज मोजून पाच. सहावा हवा होता आणि हार्दिक तो सहावा होता. पण इथे माझा हात थांबतो. त्या रात्री बुमरा, शमी, सिराज, जडेजा, कुलदीप यांच्यापैकी कुणाच्या हाताला काही लागत नव्हतं. तीच पट्टी १४ ऑक्टोबरच्या पाकिस्तान सामन्यात वापरलेली, दुपारी संथ, रात्री दिव्यांखाली सोपी झालेली. नाणेफेक जिंकून कमिन्सने आधी क्षेत्ररक्षण घेतलं ते उगाच नव्हे. पाचांना जे जमलं नाही ते सहाव्याला जमलं असतं का?

माझा निकाल विचाराल तर: हार्दिक असता तर २४० च्या जागी थोड्या जास्त धावा होण्याची शक्यता बरी होती, सामना जिंकण्याची शक्यता थोडी वाढली असती, आणि अंतिम सामन्यापर्यंत पोचण्याची शक्यता कदाचित घटली असती. आठवीतल्या पोराला हे उत्तर आवडणार नाही. मार्गदर्शकांना आवडतं.

आता एक गोष्ट, जी आमच्या खोलीत कुणालाच आठवली नाही. मलाही दुसऱ्या दिवशी आठवली. त्या अंतिम सामन्यात एक जखमी मोहरा खेळला होता, फक्त तो त्यांचा होता. ट्रॅव्हिस हेडचा डावा हात सप्टेंबरात दक्षिण आफ्रिकेत मोडला होता. ऑस्ट्रेलियाने त्याला तरीही पंधरांत ठेवलं, म्हणजे अर्धी स्पर्धा चौदा जणांवर काढली. पहिले पाच सामने तो खेळला नाही, त्यातले पहिले दोन ते हरले. २८ ऑक्टोबरला तो परतला आणि आल्या आल्या शतक. उपांत्य सामन्यात सामनावीर. अंतिम सामन्यात १२० चेंडूंत १३७, वर रोहितचा तो झेल. त्याचं हाड सांधायला आणखी तीन आठवडे लागले असते तर? हा जर-तर आपण विचारत नाही. आपल्या दुखापती आपल्याला दुर्दैव वाटतात, आणि समोरच्याचं हाड सांधलं हे आपल्याला हवामानासारखं, आपोआप घडलेलं वाटतं.

याहून मोठी गोम अशी की जर-तर बहुतेक वेळा हरलेलाच विचारतो. फुटबॉलकडे बघा. १९६२ च्या विश्वचषकात पेले दुसऱ्याच सामन्यात चेकोस्लोव्हाकियाविरुद्ध जखमी झाला आणि पुन्हा खेळला नाही. त्याच्या जागी अमारिल्डो आला, त्याने स्पेनविरुद्ध दोन गोल केले, अंतिम सामन्यात बरोबरीचा गोल केला, आणि ब्राझीलने ३-१ ने कप नेला. ‘पेले असता तर’ असं कुणी म्हणत नाही, गरजच पडली नाही. २०१४ मध्ये नेमारच्या मणक्याला कोलंबियाविरुद्ध मार बसला आणि उपांत्य सामन्यात ब्राझील जर्मनीकडून ७-१ ने हरला. राष्ट्रगीताच्या वेळी खेळाडूंनी नेमारचा शर्ट हातात धरला होता. ‘नेमार असता तर’ हे लोक कायम म्हणतात. पण नेमार आघाडीचा खेळाडू. पहिल्या २९ मिनिटांत पाच गोल झाले ते बचाव कोसळला म्हणून, आणि बचावाचा कर्णधार थियागो सिल्वा त्या सामन्यात नव्हता. त्याला दुखापत झाली नव्हती, पिवळ्या कार्डामुळे बंदी होती. कार्डाचा कुणी शर्ट धरत नाही.

तर तुम्ही ‘प्रमुख खेळाडू जखमी झाला की संघ हरतो’ असं विधान तपासायला निघालात आणि उदाहरणं लोकांच्या आठवणीतून गोळा केलीत, तर १९६२ तुमच्या यादीत येणारच नाही. यादी आधीच हरलेल्यांनी भरलेली असेल. नमुना कसा निवडला हे पद्धतीच्या प्रकरणात लिहायला सांगतात ते यासाठी. मला ते पूर्वी फॉर्म भरल्यासारखं वाटायचं.

आपल्याकडचा सगळ्यांत मोठा जर-तर अर्थात पानिपत. १४ जानेवारी १७६१ ला विश्वासरावांना गोळी लागली, ती हुकली असती तर? जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत ती गोळी हुकवली आणि इतिहास दुसऱ्या रुळावर नेला. कथेत ते शोभतं. प्रबंधात शिरताना मात्र विचारावं लागेल: गोळी हुकली म्हणून उपाशी फौजेच्या पोटात अन्न गेलं का? तोडलेली रसद जोडली गेली का? गोळीने सैन्याचा धीर कधी सुटला हे ठरलं असेल, पण सैन्य त्या अवस्थेला का आलं ते गोळीत नाही. ई. एच. कार असल्या प्रश्नांना दिवाणखान्यातला खेळ समजायचे. त्यांच्या कित्येक वर्षं आधी, १९०६ मध्ये, मॅक्स वेबरने मॅरेथॉनच्या लढाईचं उदाहरण घेऊन उलट सांगितलं होतं: एखादं कारण किती वजनाचं हे ठरवायचं तर ते नसतं तर काय झालं असतं याची कल्पना करावीच लागते. ‘यामुळे ते झालं’ असं तुम्ही लिहिता तेव्हा ‘हे नसतं तर ते झालं नसतं’ हे त्याच वाक्याच्या पोटात असतं. मग ते उघड तपासलेलं बरं.

आता माझं तिसरं प्रकरण. ३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती, विसर्जन करून लोक दमून झोपले होते. मी मुलाखती घेते त्यात क्वचितच एखादी जर-तरशिवाय संपते. ‘विसर्जन आणखी लांबलं असतं तर.’ ‘शेतात झोपलो असतो तर.’ ‘माळवद नसतं तर.’ ‘ब्याण्णवला धक्के बसत होते, तेव्हाच गाव उठवलं असतं तर.’ मी ही सगळी वाक्यं ‘भूकंपातील मृत्यूंची कारणे: लोकांच्या दृष्टीने’ अशा तक्त्यात घातली होती. मार्गदर्शकांनी तक्त्यावर पेन्सिलीने एवढंच लिहिलं: “ही सगळी कारणं आहेत का?”

नव्हती. माळवदाचं वाक्य तपासता येतं. दगड-मातीच्या जाड भिंती, वर लाकडावर मातीचा जाड थर, हे ओझं माणसांवर पडलं, आणि हलक्या छपराखाली झोपलेले वाचले. पण तिथेही फोगेलचे कालवे धरावेच लागतात. माळवद नसतं तर काय असतं? उन्हाळ्यात गारवा, चोरापासून आडोसा, घरंदाजपणाची खूण हे सगळं लोकांनी कशातून मिळवलं असतं? त्या वेळच्या नकाशात हा भाग भूकंपाच्या सगळ्यांत कमी धोक्याचा, मग कुणी कशाला घर बदललं असतं? ब्याण्णवचं वाक्य अर्धं तपासता येतं: धक्के बसले होते हे खरं, पण उठा म्हटल्यावर लोक उठले असते का, धक्के थांबल्यावर परत आले नसते का, हे त्याच वाक्यात धरावं लागतं.

‘शेतात झोपलो असतो तर’ हे मात्र कारण नव्हेच. ते माझ्या आजीचं वाक्य आहे. त्या दिवशी आजोबा शेतात वस्तीला जाणार होते, सण आहे म्हणून तिनेच त्यांना थांबवून घेतलं. मी ते वाक्य तक्त्यात सातव्या ओळीत घातलं होतं, क्रमांकासह. त्यातून भूकंपाबद्दल काहीच कळत नाही. दोष कुणाकडे येतो असं तिला वाटतं, ते कळतं. आणि काकांचं ब्याण्णवचं वाक्य सरकारकडे बोट दाखवतं, तेच काका ज्यांच्या तोंडी ‘हार्दिक असता तर’ होतं. हार्दिकच्या घोट्याला दोष दिला की कुणाचंच चुकलेलं नसतं, राहुलचंही नाही, निवड करणाऱ्यांचंही नाही. तीस वर्षं एका घरात दोन तऱ्हेचे जर-तर नांदताहेत, एक दोष बाहेर ठेवणारा आणि एक स्वतःकडे घेणारा.

मी तक्ता मोडला. आता दोन आहेत. पहिल्यात तपासता येणारी वाक्यं, प्रत्येकापुढे ‘हे बदललं तर सोबत काय काय बदलतं’ असा रकाना. दुसऱ्यात बाकीची, त्यांच्यापुढे ‘दोष कुणाकडे’ असा. दुसरा तक्ता पहिल्याच्या दुप्पट लांब झाला आहे.

आजीचं ध्वनिमुद्रण २ नोव्हेंबरचं आहे, श्रीलंका ५५ ला आटोपली त्या संध्याकाळचं. लिहून काढताना मधेच बाहेर पोरांचा आरडाओरडा ऐकू येतो, आजी थांबते, “काय झालं गं?” विचारते, मी “शमीने काढली विकेट” म्हणते, ती “बरं” म्हणते आणि जिथे सोडलं होतं तिथून, आजोबांनी घोंगडी खांद्यावर टाकली होती तिथून, पुन्हा सुरू करते.